विद्यार्थ्यांचा भयपट आणि वयाचे प्रमाणपत्र

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोल्याजवळचे राजूर आणि जालना जिल्ह्यातील राजूर गणपती यांहून हे निराळे. कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या ही या राजूरची ओळख. समजा, अशा गावातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी भयपट काढायचे ठरवले, तर कथानकासाठी त्यांना दूर जावे लागणार नाही. बंद पडलेली खाण, रात्रपाळीवरून परत न आलेला कामगार आणि त्याला शोधायला भुयारात उतरलेली चार मुले एवढे साहित्य पुरेसे आहे. मोबाइलवर चित्रीकरण आणि घरच्या संगणकावर संकलन आता अवघड राहिलेले नाही. अवघड प्रश्न चित्रपट पूर्ण झाल्यानंतर उभा राहतो. हा चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाने पाहावा?

हा प्रश्न वरवर कागदोपत्री वाटतो, परंतु त्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. या चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, तर ज्या सतरा वर्षांच्या मुलाने तो दिग्दर्शित केला त्यालाच चित्रपटगृहात बसून तो पाहता येणार नाही. उलट तो सरसकट सर्वांसाठी खुला ठेवला आणि पहिल्या रांगेत बसलेले सहा वर्षांचे मूल त्या रात्री झोपेतून दचकून उठले, तर त्याची जबाबदारीही कोणाची तरी असतेच. या दोन टोकांमध्ये योग्य जागा कशी शोधावी, हे समजून घेण्यासाठी वयानुसार वर्गवारीची पद्धत मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

वर्गवारीचा इतिहास

भारतात चित्रपटांच्या तपासणीचा पहिला कायदा १९१८ साली झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे तपासणी मंडळे काम करू लागली. त्या काळी चित्रपट दाखवण्यास योग्य आहे किंवा नाही, एवढाच निर्णय होत असे. प्रेक्षकाच्या वयाचा विचार १९४९ सालच्या दुरुस्तीने आला. सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोन वर्ग त्या वेळी निर्माण झाले. आजही मूळ चौकट म्हणून लागू असलेला चलच्चित्र कायदा १९५२ सालचा आहे.

दोनच वर्ग असल्याने अनेक चित्रपटांची कुचंबणा होई. म्हणून १९८३ पासून आणखी दोन वर्ग आले. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांसाठी ‘यूए’, तर डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांपुरत्या चित्रपटांसाठी ‘एस’. त्याच वर्षी सेन्सॉर मंडळाच्या नावातील ‘सेन्सॉर’ हा शब्द गेला आणि ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ झाले. बोलीभाषेत मात्र ते सेन्सॉर बोर्डच राहिले. नावातील हा बदल अर्थपूर्ण होता. कापाकापी करणे हे मंडळाचे मुख्य काम नसून कोणता चित्रपट कोणासाठी आहे हे सांगणे हे त्याचे काम आहे, असा त्याचा आशय होता. श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ साली हीच भूमिका अधिक स्पष्टपणे मांडली आणि ‘यूए’ वर्गाचे वयानुसार पोटविभाग करावेत अशी शिफारस केली.

२०२३ च्या दुरुस्ती कायद्याने आणि त्यानंतरच्या २०२४ च्या नियमांनी हे पोटविभाग प्रत्यक्षात आले. आता ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या मध्ये ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ अशा तीन पायऱ्या आहेत. पूर्वी दहा वर्षांची मुदत असलेले प्रमाणपत्रही याच दुरुस्तीने कायमस्वरूपी झाले.

एका लघुपटाचा खटला

आपल्या चित्रपटाला कोणता वर्ग मिळतो याने फारसे बिघडत नाही, असे ज्या विद्यार्थ्याला वाटते त्याने ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्याची माहिती अवश्य घ्यावी. अब्बास यांनी चार महानगरांतील श्रीमंती व दारिद्र्य शेजारीशेजारी दाखवणारा एक छोटा माहितीपट तयार केला होता. त्यांनी ‘यू’ प्रमाणपत्र मागितले, मंडळाने ‘ए’ देऊ केले. मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये हा आक्षेपाचा मुद्दा होता. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीच्या काळात सरकारने काटछाट न करता ‘यू’ देण्याची तयारी दर्शवली, तरीही पूर्वतपासणीच्या तत्त्वाला दिलेले आव्हान त्यांनी पुढे चालवले.

या खटल्याचा निकाल १९७० साली सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी दिला. विदर्भातील वाचकांना हे नाव परके नाही. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हिदायतुल्ला पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. चित्रपटाचा परिणाम इतर कलांपेक्षा अधिक थेट होतो आणि किशोरवयीन प्रेक्षकावर तो प्रौढापेक्षा वेगळा होतो, म्हणून वयानुसार वर्गवारी घटनेला धरून आहे, असा निर्वाह त्यांनी दिला. मात्र सर्वांत दुर्बळ मनाच्या प्रेक्षकाला समोर ठेवून सगळ्या समाजासाठी निकष ठरवू नयेत, असेही त्यांनी बजावले. भयपटाचे वय ठरवताना हे दोन्ही मुद्दे आजही उपयोगी पडतात.

‘यूए’ आणि ‘ए’ यांतील खरा फरक

हे वर्ग म्हणजे एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, असा सर्वसाधारण समज आढळतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ‘यूए’ आणि ‘ए’ यांच्यात मूलभूत भेद आहे. ‘यूए’ पुढील वयाचा आकडा पालकांसाठी आहे. आपल्या मुलाने हा चित्रपट पाहावा की नाही, हे पालकांनी ठरवायचे असते आणि पालकांखेरीज अन्य कोणालाही त्या आकड्याची सक्ती करता येत नाही, असे कायद्यातच नमूद आहे. ‘ए’ प्रमाणपत्र हा मात्र मनाई हुकूम आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला असा चित्रपट दाखवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे पालकांची संमतीही उपयोगाची नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ‘यूए १६+’ हा वर्ग म्हणूनच महत्त्वाचा आहे. पूर्वी बारा वर्षांनंतर थेट अठराची रेषा होती. पंधरा-सोळा वर्षांच्या प्रेक्षकाला पेलेल, पण आठ वर्षांच्या मुलाला मुळीच दाखवू नये, अशा चित्रपटाला स्वतंत्र जागा नव्हती. विद्यार्थ्यांचे बहुतेक भयपट नेमके या जागेत बसतात.

मधल्या पायरीची अशी गरज अन्यत्रही भासली होती आणि ती भासण्याचे कारणही भीती हेच होते. अमेरिकेत १९८४ साली ‘ग्रेमलिन्स’ आणि ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ हे चित्रपट मुलांनाही खुले असलेल्या वर्गात प्रदर्शित झाले आणि त्यांतील काही दृश्यांनी पालक अस्वस्थ झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तेथे ‘पीजी-१३’ हा नवा वर्ग सुरू झाला. ब्रिटनने तर १९३२ सालीच केवळ भयपटांसाठी ‘एच’ हे स्वतंत्र चिन्ह योजले होते. १९५१ मध्ये त्याची जागा ‘एक्स’ या व्यापक वर्गाने घेतली.

भीती मोजावी कशी?

रक्त, शिव्या किंवा नग्नता पडद्यावर दिसते व मोजता येते. भीतीचे तसे नाही. ‘द कॉन्ज्युरिंग’ या २०१३ सालच्या चित्रपटात रक्तपात फारसा नाही, शिवीगाळ किंवा नग्नता नाही. तरीही अमेरिकेत त्याला सतरा वर्षांखालील प्रेक्षकांनी मोठ्यांबरोबरच पाहावयाचा ‘आर’ वर्ग मिळाला. अस्वस्थ करणारी हिंसा आणि दहशत यांचे प्रसंग हे त्याचे नोंदवलेले कारण होते. आक्षेपार्ह असे काही नाही म्हणून वर्ग सौम्य मिळेल, हा हिशेब भयपटाच्या बाबतीत चुकतो.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधील ‘द वूमन इन ब्लॅक’ या २०१२ सालच्या चित्रपटाचे. वितरकांना तो लहान वयाच्या प्रेक्षकांसाठीही खुला हवा होता. त्यासाठी सुमारे सहा सेकंदांचे दृश्य वगळण्यात आले, काही चौकटी अधिक काळोख्या करण्यात आल्या आणि काही ठिकाणी आवाज कमी करण्यात आला. या बदलांनंतर त्याला ‘१२ए’ हा वर्ग मिळाला. तरीही त्या वर्षी तेथील मंडळाकडे सर्वाधिक तक्रारी याच चित्रपटाविषयी आल्या. विद्यार्थ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, भयपटाचे वय कथेइतकेच ध्वनी आणि प्रकाश यांवर ठरते. दुसरी, वर्ग मिळाला म्हणजे प्रेक्षकाची भीती कमी झाली असे नव्हे.

सूर बदलला की वय कसे बदलते, याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. खुनी माणसाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो, या कल्पनेवरचा ‘चाइल्ड्स प्ले’ हा १९८८ सालचा अमेरिकी चित्रपट ‘आर’ वर्गातला. त्याच कल्पनेवर महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ काढला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून उभा राहिलेला तात्या विंचू आणि त्याच्यासमोर भांबावलेला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या, यांनी मराठी घरांतील लहानथोरांना एकत्र बसवले. कल्पना तीच, परंतु भीतीच्या पाठोपाठ हसू आल्याने प्रेक्षकाला श्वास घेण्यास जागा मिळाली. दुसरीकडे ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटात सुटकेची अशी जागा जाणूनबुजून ठेवलेली नाही. तो प्रौढांसाठीच्या वर्गात प्रदर्शित झाला, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. सौम्य वर्ग हा चांगुलपणाचा आणि ‘ए’ हा बदनामीचा शिक्का नव्हे.

कोणत्या वयाला कशाची भीती?

मुलांच्या भीतीचे स्वरूप वयाबरोबर पालटते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधक जोॲन कँटर यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. सात-आठ वर्षांखालील मुले मुख्यतः दिसण्याला घाबरतात. विद्रूप चेहरा, माणसाचे अक्राळविक्राळ रूपांतर, अचानक झालेला मोठा आवाज यांची भीती त्यांना अधिक वाटते. हे खोटे आहे असे सांगून त्यांचे समाधान होत नाही, कारण खरे आणि दिसणारे यांतील सीमारेषा त्यांच्या मनात पक्की झालेली नसते. त्याहून मोठी मुले खऱ्या घडू शकणाऱ्या गोष्टींना अधिक घाबरतात. अपघात, अपहरण, आई-वडिलांचा मृत्यू या त्या गोष्टी. किशोरवयात याला अमूर्त आणि सामाजिक संकटांच्या भीतीची जोड मिळते.

म्हणजे मोठ्यांना हास्यास्पद वाटणारा मुखवटा बालवाडीतील मुलाला हादरवू शकतो आणि त्याच मुलाला ज्याचे काहीच वाटले नाही अशा संवादाने तेरा वर्षांची मुलगी अस्वस्थ होऊ शकते. लहान मुलांना भीती दाखवूच नये, असा मात्र याचा अर्थ नाही. रत्नाकर मतकरी यांनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि लहानांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटकही लिहिले. त्यातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली. पुढच्या पिढीतील मुलांनीही ती वैभव मांगले यांच्या रूपात पाहिली. चेटकीण रंगमंचावर येताच किंचाळणारी मुले घरी जाताना तिचीच नक्कल करीत असतात. ज्या भयावर शेवटी मात करता येते ते मुलांना पेलते. ज्याला शेवट नाही, ते पेलत नाही.

राजूरचा काल्पनिक भयपट

आता आरंभी मांडलेल्या चित्रपटाकडे वळू. त्याचे वय ठरवताना पहिली नजर साहजिकच कामगाराच्या भुताकडे जाते. भुयारात त्याची सावली दिसते, दिवा विझतो, पाठीमागून हाक येते. हे प्रसंग थोडक्यात आणि उसंत देत आले, तर ‘यूए १३+’ पर्यंत ते निभावून जावेत. सलग वीस मिनिटे प्रेक्षकाला सोडवणूकच दिली नाही, किंवा मृतदेह जवळून व दीर्घकाळ दाखवला, तर सोळाच्या पायरीचा विचार करावा लागेल. जखमा, छळ आणि क्रौर्य हाच चित्रपटाचा आस्वाद्य भाग होऊ लागला, तर ‘ए’ अटळ समजावा.

परंतु या चित्रपटातील अधिक गंभीर बाब भूत नसून खाण आहे. सोडून दिलेल्या कोळसा खाणीत छत कोसळण्याचा, पाणी साचलेले असण्याचा, मिथेन किंवा कार्बन मोनॉक्साइड वायू असण्याचा धोका असतो. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगही नसतो आणि वासही नसतो. चित्रपटातील चार मुले कुंपण ओलांडून सहज आत जातात आणि भुताखेरीज त्यांना कशाचाच त्रास होत नाही, असे दाखवले तर शहरातील प्रेक्षक ते विसरून जाईल. खाणीच्या गावातील दहा वर्षांच्या मुलाला मात्र ते करून पाहता येण्यासारखे आहे. वर्गवारी करताना अनुकरणीय धोक्याचा विचार करतात तो यासाठी. भूत पडद्यावरच राहते, खाण गावाजवळ असते.

याला आणखी एक बाजू आहे. १९७५ साली झारखंडमधील, त्या वेळच्या बिहारमधील चासनाळा खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. कोळसा पट्ट्यातील कुटुंबांना रात्रपाळीवरून न परतलेला माणूस ही कल्पनेतली गोष्ट वाटत नाही. ज्या मुलाचे वडील आजही खाणीत उतरतात, त्याच्यासाठी या चित्रपटाचे वय पुण्यातील प्रेक्षकापेक्षा वेगळे असू शकते. प्रमाणपत्रावर एकच आकडा छापता येतो. म्हणून आकडा ठरवताना सर्वांत जवळच्या प्रेक्षकाचा विचार आधी करावा.

कथेत मांत्रिक येत असेल, तर त्याकडेही लक्ष द्यावे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू असून भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अघोरी उपाय करणे हे त्याखाली गुन्हे आहेत. अशा प्रथांचा प्रसार करण्यासही मनाई आहे. चित्रपटात मांत्रिक दाखवणे आणि मारहाणीने भूत उतरते असे प्रतिपादन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विशाल भारद्वाज यांच्या ‘मकडी’ या २००२ सालच्या बालचित्रपटात गावाला दहशत बसवणारी चेटकीण अखेर तोतया निघते. भयाचा आनंद आणि अंधश्रद्धेचा निरास एकाच कथेत साधता येतो, हे त्यावरून दिसते.

चित्रपट कोठे दाखवायचा?

वर्ग ठरवण्यापूर्वी प्रदर्शनाची जागा ठरवणे सोयीचे असते, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे आहेत.

चित्रपटगृहातील किंवा सर्वांना खुल्या असलेल्या जाहीर खेळासाठी प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. राजूरच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी मंडळाच्या मुंबई प्रादेशिक कार्यालयाकडे ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावरून अर्ज करावा लागेल. तपासणी समितीचा निर्णय अमान्य असल्यास पुनरीक्षण समितीकडे दाद मागता येते. त्यापुढचे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्याने आता थेट उच्च न्यायालय, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यासाठी नागपूर खंडपीठ, हाच मार्ग आहे.

चित्रपट महोत्सवांना प्रमाणपत्राच्या अटीतून केंद्र सरकारकडून सूट मिळू शकते. तेथे प्रेक्षकवर्ग नोंदणीकृत प्रतिनिधींपुरता मर्यादित असतो.

इंटरनेटवरील ओटीटी मंचांना चित्रपट प्रमाणनाचे नियम लागू होत नाहीत. मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्यांनी स्वतःच ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ व ‘ए’ अशी वर्गवारी करायची असते. भय हा त्या नियमांत हिंसा, भाषा, अमली पदार्थ यांच्याबरोबरीने स्वतंत्र निकष आहे. तेरा व त्यावरील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. यूट्यूबवर चित्रपट टाकताना तो मुलांसाठी आहे की नाही हे सांगावे लागते आणि अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना वगळण्याचा पर्यायही असतो. भयपटात लहान मुले पात्रे आहेत, एवढ्यावरून तो ‘मुलांसाठी’ ठरत नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनातील खेळ हा सर्वांत दुर्लक्षित प्रकार. तेथे मोठ्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांची धाकटी भावंडेही बसलेली असतात. अशा वेळी चित्रपटाची वेळ वेगळी ठेवणे आणि तो कोणत्या वयासाठी आहे हे आधी जाहीर करणे, एवढी काळजी आयोजकांना सहज घेता येते.

निर्णयाची रीत

अपेक्षित वयाचा आकडा पटकथेच्या पहिल्या पानावरच लिहावा. चित्रीकरणानंतर वय कमी करण्यासाठी केलेली काटछाट बहुधा कथेलाच इजा करते. संकलनानंतर प्रत्येक भयप्रसंगाची नोंद करून चार प्रश्न विचारावेत. भीती किती वेळ टिकते? त्यानंतर उसंत मिळते का? शेवटी संकटाचे काय होते? यातील कोणती गोष्ट मूल घरी करून पाहील? त्यानंतर चित्रपट अपेक्षित वयाच्या दोन-चार मुलांना, त्यांच्या पालकांच्या संमतीने आणि उपस्थितीत दाखवावा. नजर पडद्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यावर ठेवावी. खेळानंतर मूल ‘पुन्हा दाखवा’ म्हणाले तर आकडा बरोबर असण्याचा संभव आहे. ते गप्प झाले, तर एक पायरी वर जावे. दोन वर्गांत शंका राहिल्यास वरचा वर्ग स्वीकारणे श्रेयस्कर, कारण सोळा वर्षांचा प्रेक्षक थोडा कमी घाबरला तर नुकसान नाही. सहा वर्षांचा जास्त घाबरला तर आहे.

राजूरच्या त्या कल्पित चित्रपटाला या रीतीने बहुधा ‘यूए १६+’ हा वर्ग योग्य ठरेल आणि खाणीच्या धोक्याची स्पष्ट सूचना आरंभी द्यावी लागेल. तो बनवणारी मुले तो चित्रपटगृहात उजळ माथ्याने पाहू शकतील. त्यांची धाकटी भावंडे दारात थांबली, तर त्यांना आत घ्यायचे की घरी पाठवायचे, हा निर्णय कायद्याने त्यांच्या आईवडिलांवर सोपवला आहे.